हेल्मेट बसवून देणाऱ्या तंत्रज्ञांना, ते घालून उडणाऱ्यांकडून

सप्रेम नमस्कार.

हेल्मेटवरच्या डिस्प्लेचं कौतुक निघालं की ते विमानाच्या वाट्याला जातं, क्षेपणास्त्राच्या जातं, फार तर ज्याच्या डोक्यावर ते असतं त्याच्या. फिटिंगच्या खोलीत मोजपट्टी घेऊन बसलेल्या माणसाची आठवण कुणाला होत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड.

इतर वाचकांसाठी आधी थोडं. समोर बसवलेला हेड-अप डिस्प्ले नाकासमोरच्या वीस-तीस अंशांपुरताच. शत्रूचं विमान खांद्याच्या मागे गेलं की त्या काचेचा उपयोग संपला. हेल्मेटमधला डिस्प्ले मात्र वेग, उंची आणि लक्ष्याभोवतीची चौकट डोकं वळेल तिकडे घेऊन येतो, आणि चित्र अनंतावर फोकस केलेलं असल्यामुळे दूर बघणाऱ्या डोळ्याला नजर पुन्हा जुळवावी लागत नाही. १९८० च्या दशकात मिग-२९ वर साधी हेल्मेट साइट, म्हणजे हेल्मेटवरची नेम धरायची खूण, आणि आर-७३ क्षेपणास्त्र अशी जोडी आली, तेव्हा विमानाचं नाक न वळवताही बाजूच्या लक्ष्यावर नेम धरता येऊ लागला. अपाचे हेलिकॉप्टरची ३० मिलिमीटरची तोफ डोक्याबरोबर फिरते. एफ-३५ मध्ये तर समोरची काच काढूनच टाकली आहे, सगळी मदार हेल्मेटवर.

आणि हे सगळं टिकतं ते तुमच्या दोन-चार मिलिमीटरच्या हिशेबावर. चित्र दिसायचं तर डोळ्याची बाहुली प्रकाशाच्या एका छोट्या खिडकीत असावी लागते. अपाचेच्या मूळ यंत्रणेत ही खिडकी जेमतेम १० मिलिमीटरची. हेल्मेट त्याच्या निम्मं सरकलं तरी चित्राची कड खाल्ली जाते, आणि वेग-उंचीचे आकडे नेमके कडेलाच असतात. म्हणून बाहुल्यांमधलं अंतर तुम्ही दोनदा मोजता. प्रौढांमध्ये ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर, पण सरासरी धरून चालत नाही. दोन्ही डोळ्यांच्या डिस्प्लेत तर एक चित्र दुसऱ्यापेक्षा किंचित वर गेलं की डोकं ठणकायला लागतं. आडवा फरक डोळे बऱ्यापैकी सांभाळून घेतात, उभा फरक त्यांना झेपत नाही.

ऑक्सिजन मास्क लावल्याशिवाय तुम्ही शेवटचं माप घेत नाही, हा हट्ट सुरुवातीला जाचक वाटतो. पण मास्कचा ताण हेल्मेटला पुढे-खाली ओढतो, मग मास्कशिवाय जुळवलेलं चित्र कॉकपिटमध्ये जागेवर राहील कसं? मानेमागचा पट्टा आधी आणि हनुवटीचा नंतर, हेही तसंच. उलट केलं की हेल्मेट कपाळावरून घसरतं. लायनर, म्हणजे हेल्मेटचं आतलं अस्तर, कुठे टोचतो हे पाच मिनिटांत कळत नाही, म्हणून हेल्मेट डोक्यावर ठेवून आम्हाला बसवून ठेवता. बरं करता.

वजनाचंही तेच. सव्वादोन किलोच्या आसपासचं हेल्मेट ९ जी च्या, म्हणजे सगळं नऊपट जड करणाऱ्या, वळणात मानेला वीस किलोंचं होतं, आणि त्यातलं बरंचसं वजन पुढच्या बाजूला असतं. लायनर सैल असेल तर अशा वळणात व्हायझर, म्हणजे डोळ्यांपुढचा पारदर्शक पडदा, नाकाकडे उतरतो आणि नेमक्या त्याच क्षणी चिन्हं गायब होतात.

डोकं कुठे वळलंय हे यंत्राला कळवणारा ट्रॅकर हा वेगळाच प्रांत. चुंबकीय प्रकारात कॉकपिटमधला प्रक्षेपक आणि हेल्मेटमधला सेन्सर यांच्यात आजूबाजूचा धातू गडबड करतो, म्हणून आधी कॉकपिटचा चुंबकीय नकाशा करून ठेवावा लागतो. एका अंशाची चूक एक किलोमीटरवर १७ मीटर, पाचवर ८७. तुमची एक साधी कसोटी आमच्या फार कामी येते: नेमाची फुली सगळीकडे सारखीच चुकत असेल तर बोअरसाइट, म्हणजे फुली विमानाच्या नाकाच्या रेषेशी जुळवणं, पुन्हा करा, समोर बरोबर आणि बाजूला बघताना सरकत असेल तर नकाशावर संशय घ्या, कॉकपिटमध्ये कुठला धातूचा भाग बदललाय का ते विचारा. ही कसोटी माहीत नसेल तर माणूस सगळा दोष डिस्प्लेवर टाकून मोकळा होतो.

मग राहिली ती न दिसणारी कामं. हेल्मेटच्या केबलचा कनेक्टर इजेक्शनच्या वेळी, म्हणजे आसनासकट विमानाबाहेर फेकलं जाताना, आपोआप सुटला पाहिजे, पण मान वळवताना सुटता कामा नये. तो सुटायला किती ओढ लागते हे तुम्ही तपासता. व्हायझर मऊ कापडानेच पुसता, भलत्या द्रावणाने लेप उतरतो म्हणून. रात्रीच्या उड्डाणाआधी उजेड कमी करून दाखवायला सांगता, कारण दिवसाचा झगझगीतपणा अंधारात बाहेरचं सगळं झाकून टाकतो.

तुमच्या तक्रारीही रास्त आहेत. आम्ही व्हायझर खाली करून हेल्मेट पालथं ठेवतो. केस बारीक कापले किंवा वजन उतरलं तरी कळवत नाही आणि मग चित्र कापलं जातं म्हणून कुरकुरतो. यापुढे केस कापल्यावर आधी तुमच्याकडे येऊ, मास्क घेऊन.

आपले,
हेल्मेट घालून उडणारे