मुले मागे पडतात, ती भाषेमुळेच का?

महोदय,

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की आपल्या सीमाभागात एक चर्चा हमखास सुरू होते. घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत वर इंग्रजी. एवढ्या भाषांच्या ओझ्याने मुले मागे पडतात म्हणे. हे ऐकून मुलांशी मराठी बोलणेच सोडून दिलेले आईबाप मी पाहिले आहेत. मानसशास्त्र शिकवत असल्याने हे मला फार लागते.

दोन गोष्टी सोबतीने कमीजास्त होतात, याला सहसंबंध म्हणतात. तो उणे १ ते अधिक १ असा मोजतात. आकडा मोठा आला तरी एकीमुळे दुसरी घडली, हे त्यावरून ठरत नाही. कणकुंबीकडच्या पोराची पावसाळ्यात बस चुकली की शाळा बुडते. निपाणीत आई विड्या वळायला बसली की थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते. बेळगाव शहरात टिळकवाडीत शिकवणी घराशेजारी असते. मग गुण कमी पडले ते नेमके कशाने?

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये १९२३ साली सेअर या संशोधकांनी सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. खेड्यांतली द्विभाषिक मुले बुद्धिमापन चाचणीत मागे दिसली, शहरांत मात्र तसा फरक आढळला नाही. दोन भाषांनी डोके थकत असते, तर शहरातल्या मुलांचेही थकले असते! पुढे १९६२ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी सारख्या आर्थिक स्थितीतली दहा वर्षांची मुले घेतली, तेव्हा द्विभाषिक मुलेच पुढे निघाली. तरी दोन भाषांनी बुद्धी वाढते, असेही मी म्हणणार नाही. त्यांनी दोन्ही भाषा उत्तम येणारीच मुले निवडली होती. मुळात हुशार मुलांनीच दुसरी भाषा चटकन उचलली असेल, हीही शक्यता उरतेच.

म्हणून विनंती अशी, की माध्यमवार निकाल छापताना मुले कोणत्या भागातली, घरची स्थिती काय, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या, हेही सोबत द्यावे. तुलना सारख्या परिस्थितीतल्या मुलांचीच व्हावी. आणि पालकांनो, नुसत्या निकालाच्या आकड्यांवरून घरातली मराठी बंद करू नका.

– मानसशास्त्राचा एक शिक्षक, खानापूर