बागेसाठी राबलेल्या सगळ्यांना थँक्यू

ज्यांची नावं विचारायची राहूनच गेली त्या सगळ्यांचे आभार मानायचेत. पाडलेल्या इमारतीच्या जागेवर बाग करायची, तीही सगळ्यांनी मिळून आणि आर्ट प्रोजेक्ट म्हणून, हे ऐकायला भारी वाटतं पण तिथे माती अशी नव्हतीच, विटांचे तुकडे, सिमेंट, काचा आणि मशीन फिरून फिरून दगडासारखी झालेली जमीन, पाणी ओतलं की वरच साचायचं. तरी कुणीतरी टिकाव घेऊन आलं, कुणी नुसतंच काचा वेचत बसलं.

सगळ्यात जास्त आभार त्या ताईंचे ज्यांनी आधी माती तपासा म्हणून हट्टच धरला. जुन्या रंगातलं विषारी शिसं मातीत वर्षानुवर्षं तसंच राहतं, ते काही कुजून जात नाही, आणि सिमेंटमुळे पीएच (माती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) वाढला की झाडाला लोह घेता येत नाही मग नवी पानं पिवळी पडतात. म्हणून भाज्या बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यांत आणि खालच्या जमिनीत फक्त फुलझाडं.

ह्यात कला कुठंय असं विचारणाऱ्या काकांचेही आभार (ते रोज पाणी घालून जायचे!). 1982 मध्ये कलाकार अ‍ॅग्नेस डेनेस यांनी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये भराव टाकलेल्या जागेवर दोन एकर गहू पिकवला होता, तोही आर्ट म्हणूनच. मला तर वाफे कुठे हवेत यावरून झालेली भांडणंच त्यातली खरी कला वाटते.

आणि हो, कुणाचं तरी घमेलं राहिलंय, न्यायचं असेल तर न्या, नाहीतर कंपोस्टला वापरतोय.