जन्मदाखल्यातली ‘बेन’

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझं नाव सुलभा. मुलीच्या जन्मदाखल्यात मात्र मी एकोणतीस वर्षं ‘सुलभाबेन’ होते आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ती १९९४ची, बडोद्यातल्याच एका प्रसूतिगृहात जन्मलेली. फॉर्म भरणाऱ्या बाईंनी सवयीनं मला ‘बेन’ लावलं आणि ह्यांना ‘भाई’. भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळे आम्हाला अशीच हाक मारतात, आम्हीही ओ देतो. बारसं व्हायचं असल्यानं बाळाच्या नावाची जागा कोरी होती. ते नाव पुढे शाळेत घालताना चढवलं. बाकीच्या रकान्यांकडे कोण बघतो?

२०२३ साली मुलगी नोकरीसाठी नेदरलँड्सला निघाली. तिथे राहायला गेलं की नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी जन्मदाखला लागतो, तोही अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी प्रमाणपत्र चिकटवलेला. आमचा जुना दाखला नुसता गुजरातीत, म्हणून आधी गुजराती-इंग्रजी नवा काढला. मग गांधीनगरला गृहखात्याचा शिक्का, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मंत्रालय २०१२पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावा लागतो. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदाला ५० रुपये, वर एजन्सीचा किरकोळ आकार. एका दलालानं आमच्याकडून ‘सगळं मिळून’ सहा हजार घेतले. पावती मागितली तर म्हणाला, “बेन, विश्वास राखो.”

दाखल्याच्या पाठीवर अपोस्टिलचा तो चौकोन चिकटून आला तेव्हा मी कागद देवापुढे ठेवला, खोटं कशाला सांगू! दहा रकाने, वर फ्रेंचमध्ये, ज्यातून अपोस्टिल आलं त्या हेग कराराचं नाव आणि ५ ऑक्टोबर १९६१ ही तारीख. भारतात तो २००५पासून लागू आहे. हेग नेदरलँड्समध्येच, म्हणजे कागद माहेरीच निघाला होता म्हणायचा.

तिथल्या नगरपालिकेच्या खिडकीवर पासपोर्ट आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले गेले. एकात आई सुलभा, दुसऱ्यात सुलभाबेन. मुलगी फोनवर रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, “अगं, सांग त्यांना, बेन म्हणजे बहीण.” ती म्हणाली, “आई, मग तर ते म्हणतील ही मावशी आहे!”

एवढ्या हातांतून कागद गेला आणि कुणाला दिसलं नाही? तर ते बघणं त्यांचं कामच नव्हतं. सही खरी आहे, सही करणारा त्या पदावरचा आहे आणि शिक्का खरा आहे, एवढंच अपोस्टिल सांगतं. आतल्या मजकुराची हमी ते देत नाही. चुकीच्या दाखल्यावरही ते तितक्याच थाटात बसतं.

दुरुस्ती होते. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम १५ आहेच त्यासाठी. सोगंदनामा म्हणजे प्रतिज्ञापत्र केलं, माझी शाळा सोडल्याची एल.सी. शोधली (ती माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांमागे निघाली), लग्नाचा दाखला जोडला. पण दुरुस्त दाखला म्हणजे नवा कागद, त्यामुळे गांधीनगर पुन्हा आणि अपोस्टिलही पुन्हा. ह्या खेपेला दलाल नाही, ह्यांनीच फेऱ्या मारल्या.

तोच दलाल जर्मनीत स्टुटगार्टला निघालेल्या माझ्या भाच्यालाही अपोस्टिल ‘काढून देतो’ म्हणत होता. भारत करारात आला तेव्हा जर्मनीनं हरकत घेतली, म्हणून आपलं अपोस्टिल तिथे चालत नाही. गरज पडली तर त्यांची वकिलात कागदांची वेगळी तपासणी करवून घेते. तेव्हा पैसे मोजण्याआधी, जिथे कागद द्यायचा तिथेच विचारावं.

बडोद्यात आपली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची. मुलांचे दाखले आजच कपाटातून काढून बघा. बेन, भाई, आडनावाचं स्पेलिंग, कोरी जागा. आणि जपायचा म्हणून लॅमिनेट करू नका. आमच्या शेजाऱ्यांनी केला होता. आता चौकोन चिकटवणार कुठे?

गेल्या महिन्यात धाकट्या जावेला नात झाली. फॉर्म भरताना मी मुद्दाम टेबलापाशी उभी राहिले. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, “बेन नथी लखवुं?” मी म्हटलं, हाक हवी तितकी मारा, लिहू तेवढं नका.

आपली,
सुलभा
दांडिया बाजार, वडोदरा