वही परत देणाऱ्यांचे आभार

कनेटिकटमधल्या पीपल्स स्टेट फॉरेस्टमध्ये आमच्या लेकीची वही ज्यांना सापडली, त्यांना मनापासून धन्यवाद. नाव माहीत नाही, म्हणून हे असं जाहीर.

लेटरबॉक्सिंग म्हणजे सूचना वाचत जंगलात लपवलेला डबा शोधायचा, त्यातला रबरी शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का डब्यातल्या वहीत. 1854 साली इंग्लंडच्या डार्टमूरवर जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलपाशी बाटली ठेवली, तिथून हे खूळ सुरू झालं म्हणतात. आमच्या घरात ते यंदा शिरलं. लेकीने खोडरबर कोरून कैरीचा शिक्का केलाय. देठ जरा वाकडा आलाय, पण कैरी ओळखू येते.

तर परतताना वही एका ओंडक्यावर राहिली. चूक माझीच, डबा खाण्याच्या नादात! रात्री पाऊस. पोरीने जेवण सोडलं.

पुढच्या शनिवारी गेलो, तर वही त्याच शिक्क्याच्या डब्यात, झिपच्या पिशवीत. ओल्या पानांमध्ये एकेक टिश्यू घातलेला. कैरीची शाई फुटलीय थोडी, बाकी सगळं शाबूत. शेवटच्या पानावर एक नवा शिक्का: खारूताई. खाली सही नाही.

आणि हो, कुत्र्याला फिरवणाऱ्या त्या आजींचेही आभार. सूचनेतली ‘दगडी भिंत’ म्हणजे पहिली नव्हे, दुसरी, हे त्यांनी सांगितलं नसतं तर आम्ही अजून तिथेच पाला उपसत बसलो असतो.