सायंआरतीतला विजेचा नगारा

महोदय,

आमच्या पेठेतील मारुतीच्या देवळात मी बरीच वर्षे दिवेलागणीला आरतीसाठी जातो. पूर्वी घंटा गुरवांच्या हाती, झांजा दोघातिघांकडे आणि बाकीच्यांच्या टाळ्या असा साधा मेळ असे. लय चुकली की एखादे आजोबा डोळे वटारत आणि मुले त्यातूनच ठेका शिकत. २०१९ मध्ये एका भाविकाने नगारा, घंटा व झांजा एकत्र वाजवणारे विजेचे यंत्र देवळाला अर्पण केले. खटका दाबला की ते एकाच गतीने धडधडू लागते, त्यात आरतीचे शब्द बुडतात, संथ चालीचे कडवेही त्याच्याच वेगाने उरकावे लागते, आणि परवा तर मंत्रपुष्पांजली सुरू झाली तरी खटका बंद करायला कोणी उठले नाही.

दुपारी गुरव एकटेच असतात, तेव्हाची ही सोय मला समजते. पण पंढरपुरात काकडआरतीपासून धूपारती, शेजारतीपर्यंत विठ्ठलाचे नित्योपचार चालतात, ते देवाला घरच्या माणसासारखे उठवावे, निजवावे या भावनेने. त्या परंपरेत वाढलेल्या आपण तीस-चाळीस माणसे समोर उभी असताना टाळ्यांचे काम मोटारीवर का सोपवावे? जुन्या झांजा अजून निरांजनाच्या कपाटात आहेत, एकीची दोरी तेवढी तुटली आहे. विश्वस्तांनी निदान शनिवारी संध्याकाळी तरी त्या बाहेर काढाव्यात. दोरी मी आणून देईन.

आपला,
एक वाचक, सातारा