स्टेंट बसला, पुढचं कोण सांगणार?

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला हृदयविकारावरचा लेख वाचला. छान आहे. मनगटातून तार कशी जाते, फुगा कसा फुगतो, रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, कसा बसतो, सगळं चित्रांसकट. शेवटी ‘रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी जातो’ म्हणून लेखक मोकळे झाले. घरी गेल्यावर काय होतं ते मी सांगते, कारण तो रुग्ण गेल्या वर्षीपासून आमच्या घरात आहे.

यजमानांना डिस्चार्ज मिळाला तेव्हा मी बिलाच्या खिडकीपाशी रांगेत होते. तेवढ्यात एका तरुण डॉक्टरांनी त्यांना गोळ्या समजावल्या म्हणे. अटॅकमधून नुकत्याच उठलेल्या माणसाने मान डोलावली, झालं समुपदेशन! फाइलमध्ये कापसाच्या बोळ्यापर्यंत हिशेब होता. पण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर एकत्र चालतात आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नसतात, एवढं एक वाक्य त्यात नव्हतं. दोनेक महिन्यांत दाढ काढायची वेळ आली. रक्त थांबणार नाही या धास्तीने यांनी दोन्ही परस्पर बंद केल्या. स्ट्रिपमधल्या गोळ्या तशाच दिसल्या म्हणून मला कळलं. धावतपळत नेलं, तर मोठे डॉक्टर आमच्यावरच डाफरले, “कोणाला विचारून बंद केल्या? स्टेंटमध्ये गुठळी झाली असती तर?” बंद करू नका असं सांगितलं कोणी होतं, हे तिथे विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे विचारते.

चालण्याफिरण्याचंही तेच. ‘विश्रांती घ्या’ एवढंच ऐकून आलेले हे पलंग सोडेनात. जिना म्हटला की बोट नाडीवर. अटॅकच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवण्याऐवजी खुर्चीत बसवता येतं, हे लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी १९५२ सालीच मांडलं होतं! आता तर कार्डिअ‍ॅक रिहॅब आहे, म्हणजे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. त्याने हृदयविकाराचे मृत्यू आणि पुन्हा भरती होणं कमी होतं. आम्हाला त्याचा पत्ता लागला तो ओपीडीत शेजारी बसलेल्या एका रुग्णाच्या सुनेकडून. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी बसूनच घ्यायची, उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, हेही तिनेच सांगितलं. रुग्णालयाने त्या मुलीलाच नोकरीवर ठेवावं.

मागणी मोठी नाही. सोडण्याआधी रुग्ण आणि घरचं एक माणूस, दोघांना समोर बसवा, पंधरा मिनिटं द्या आणि काय समजलं ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. रुग्णाने नुसतं ‘हो हो’ म्हटलेलं धरू नका.

आणि हो, त्याच लेखाखाली आपण ‘ऑपरेशनविना ब्लॉकेज विरघळवा’ ही जाहिरात छापली आहे. टाइप फार बारीक म्हणून यजमानांनी लेख अर्ध्यात सोडला. जाहिरात मात्र ठळक अक्षरात होती. तिचं कात्रण त्यांनी काढून ठेवलं आहे.

– एक नियमित वाचक