उलटीची गोळी नेमकी कुणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या जादा एसटी गाड्यांची बातमी वाचली. तिच्या शेजारी दोन ओळी उलटीच्या गोळीवरही हव्या होत्या, म्हणून हे पत्र. मध्यवर्ती बसस्थानकाजवळ आमचं औषधाचं दुकान आहे आणि काउंटरवर मी बसते. मे महिना लागला की सकाळपासून एकच मागणी असते. "ताई, उलटीची गोळी द्या की, गाडी सुटायला लागलीया." कुणाला हवी, वय काय, उलटी कशानं होते, असं विचारलं की माणसं वैतागतात. दोन रुपयांच्या गोळीला एवढी चौकशी कशाला, असा चेहरा होतो.

चौकशी एवढ्यासाठी, की उलटीची गोळी अशी एकच गोळी नसते. करूळ किंवा आंबा घाटात जे मळमळतं ते पोट बिघडल्यामुळे नव्हे. तोल सांभाळणारा कानातला भाग आणि डोळे मेंदूला वेगवेगळं सांगतात, त्यातून ते होतं. तिथं अव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, उपयोगी पडतं. हल्ली मात्र सगळ्यांना जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉन हवी असते, कारण शेजारणीला तिनं चटकन गुण आला. शेजारणीला जुलाब-उलट्या झाल्या होत्या हो! ऑपरेशननंतरच्या, केमोथेरपीच्या किंवा पोटाच्या संसर्गातल्या उलट्यांवर ही गोळी चांगली आहे. गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. अव्होमिन प्रवासाच्या तास-दोन तास आधी, घरातूनच घेऊन निघायचं. साळवणच्या पुढं तोंडाला पाणी सुटायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते, कारण मळमळताना जठराचं काम मंदावलेलं असतं. आणि गगनबावड्याच्या पुढं वळणं सुरू झाली की ती बाहेर येते. निघताना तांबडा-पांढरा रस्सा ओरपू नये, पुढची सीट धरावी, मोबाइल पिशवीत ठेवावा. एवढ्यावरसुद्धा पुष्कळांचं भागतं.

अव्होमिननं झोप येते. परवा वडापचा, म्हणजे खासगी प्रवासी जीपचा, एक ड्रायव्हर स्वतःसाठी मागायला आला, डोकं गरगरतंय म्हणून. दिली नाही. बराच वेळ बडबडून तो गेला. गोव्याच्या वाटेवर 'बसणाऱ्या' पोरांनाही मी देत नाही, कारण दारू आणि प्रोमेथाझिन एकत्र झालं की गुंगी भलतीच वाढते. दोन वर्षांखालच्या बाळाला तर हे औषध द्यायचंच नाही, श्वास मंदावू शकतो.

मेटोक्लोप्रमाइड ही उलटीचीच आणखी एक गोळी. तिचा एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्या गल्लीतल्या कॉलेजच्या पोरीनं कुठूनशा दुकानातून आणलेल्या या गोळ्या लागोपाठ घेतल्या. संध्याकाळी मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जबडा आवळला. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी झालं. देवऋषीकडे न्यायची तयारी सुरू होती. मी रिकामी पाकिटं बघितली आणि तिला आधी दवाखान्यात न्यायला लावलं. इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळात मान सरळ झाली. हा त्या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, लहान मुलांत आणि तरुण पोरींत जास्त दिसणारा. युरोपच्या औषध नियामकानं 2013 मध्येच हे औषध पाच दिवसांपलीकडे नको, असं सांगितलं आहे. डॉम्पेरिडोन या उलटीच्याच दुसऱ्या औषधाबद्दलही 2014 मध्ये त्यांनी साधारण आठवड्याची मर्यादा घातली, कारण हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका. आपल्याकडे ॲसिडिटीच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये हेच डॉम्पेरिडोन असतं आणि साठी उलटलेली मंडळी ती चहाआधी महिनोन् महिने घेतात. वर कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर ठोक्यांचा हा धोका आणखी वाढतो; पण आधीची कॅप्सूल त्या डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

मुलांना उलट्या-जुलाब असतील तर गोळीच्या आधी पाणी महत्त्वाचं. ओआरएसची पुडी, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, पूर्ण. अर्धी पुडी पेल्यात अंदाजानं कालवणं धोक्याचं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू करायचं. डॉक्टरांनी सिरप दिलंच तर ते वजनावर असतं, आणि मापाच्या टोपणानं द्यायचं, पोह्याच्या चमच्यानं नव्हे. हिरवी किंवा रक्ताची उलटी, डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, सात-आठ तास लघवी नाही, मधुमेही माणसाला मळमळीबरोबर दरदरून घाम, यांपैकी काहीही असेल तर आमच्या काउंटरवर येऊच नका, सरळ दवाखाना गाठा. पाळी चुकलेली असेल तर तेही आधी सांगा. गरोदरपणातल्या मळमळीसाठी वेगळी गोळी असते आणि ती डॉक्टर देतात.

माझी तक्रार आमच्या व्यवसायबंधूंकडेही आहे. पट्टीतून कात्रीनं दोन गोळ्या कापून दिल्या की नाव आणि मुदत बहुतेक वेळा आमच्याकडच्या तुकड्यावर राहतं. गिऱ्हाइकाच्या हातात नुसती चांदी जाते. ती पर्समध्ये पडते आणि पुढच्या सुट्टीत कुणाच्या तरी पोटात जाते. कागदी पाकिटावर औषधाचं नाव, मुदत आणि कशासाठी दिली, एवढं पेनानं लिहायला अर्धं मिनिट लागतं. ते लिहून दिल्याशिवाय वाचकांनी पैसे देऊ नयेत, माझ्या दुकानातसुद्धा.

आपली,
एक औषधविक्रेती, शाहूपुरी, कोल्हापूर